लांब शब्दांचे सांधे

इंग्रजीची भीती म्हणून आपण जी म्हणतो, ती बहुतेक वेळा लांब शब्दाची भीती असते. कॅट, बॅट, मॅन यांच्याशी आमच्या कर्जत-खालापूरच्या पोरांचे कधी वाकडे नव्हते. 'बुक' आणि 'टेबल' तर घरचेच झाले होते. पण धड्यात 'रिस्पॉन्सिबिलिटी' किंवा 'ट्रान्स्पोर्टेशन' आला की वाचणाऱ्याचा आवाज खाली जायचा, बोट अक्षरावर थबकायचे आणि पुढचे सगळे पुटपुटण्यात जायचे. माझी मास्तरकीची निम्मी वर्षे इंग्रजीच्या तासाला गेली, त्यामुळे हे पुटपुटणे मी फार ऐकले आहे. म्हणून आज या लांब शब्दांच्या इतिहासाविषयी थोडे लिहितो. तो इतिहास मोठ्या ग्रंथांत आहेच, पण गंमत म्हणजे आपल्या दोन तालुक्यांतही तो बराच सापडतो.

आपल्याकडे इंग्रजी शब्द पुस्तकातून येण्याआधी रुळावरून आला. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १८५३ सालची. १८५६ साली रूळ खोपोलीपर्यंत पोचले. इंग्रज मंडळी खोपोलीला 'कॅम्पूली' लिहीत. पुढे बोरघाट आडवा. घाटावर खंडाळा ते पुणे गाडी १८५८ साली चालू झाली, पण मधला घाट पुरा व्हायला १८६३ साल उजाडले. तोवर उतारू मधला टप्पा पालखीने, तट्टावरून नाहीतर बैलगाडीने चढत. हा घाट फोडायला हजारो मजूर राबले. त्यांना कुठली इंग्रजी शाळा? साहेबाच्या तोंडचा शब्द कानावर पडेल तसा उचलायचा आणि आपल्या जिभेला बसेल तसा घडवायचा, एवढेच त्यांच्या हाती होते.

तो त्यांनी कसा घडवला ते बघण्यासारखे आहे. 'प्लॅटफॉर्म'चा झाला फलाट. सुरुवातीच्या 'प्ल' या जोडाक्षरात एक स्वर घालून ते सुटे केले आणि शेपूट सोडून दिले. 'स्टेशन'चे झाले इस्टेशन. त्याला आपण अडाणीपणा म्हणून हसतो. पण हीच माणसे 'स्त्री' या अस्सल संस्कृत शब्दाला 'अस्तुरी' म्हणत आली आहेत. शब्दाच्या तोंडाशी दोन व्यंजने एकत्र आली की पुढे स्वराचा टेकू द्यायचा, हा त्या जिभेचा नियमच आहे. तो इंग्रजीला लागू केला, इतकेच. 'सिग्नल'चे 'सिंगल' झाले, कारण 'ग्न'पेक्षा 'ंग' आपल्या तोंडाला सोपे.

त्याहून मोठी करामत पुढे आहे. 'डेप्युटी'चा झाला डिप्टी, आणि 'म्युनिसिपॅलिटी'ची झाली मुन्शिपाल्टी. इंग्रजीत म्युनिसिपॅलिटी या शब्दाचे सहा तुकडे पडतात: म्यु-नि-सि-पॅ-लि-टी. त्यातल्या चौथ्या तुकड्यावर, म्हणजे 'पॅ'वर, जोर असतो. बाकीचे कमीजास्त गिळले जातात. आता मुन्शिपाल्टी म्हणून बघा. मुन्-शि-पाल्-टी. सहाचे चार झाले, पण जोराचा 'पा' जागच्या जागी शाबूत. डेप्युटीतही जोर पहिल्या तुकड्यावर. तो राहिला आणि मधला दुबळा तुकडा गेला. ज्यांनी एबीसीडी कधी गिरवली नव्हती, त्यांच्या कानाने इंग्रजीतला आघात बरोबर टिपला होता.

हे ज्यांना जमले नाही ते शाळेत गेलेले लोक! असे गमतीने म्हणतो, पण त्यालाही कारण आहे. शिकलेल्याकडे शब्द कानाने आलाच नाही, तो डोळ्यांनी आला. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले, ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण आले. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि १८५९ साली मॅट्रिकची पहिली परीक्षा झाली. तेव्हापासून इंग्रजी हा नोकरीच्या वाटेवरचा दरवाजा झाला. आमच्या आधीच्या कितीतरी पिढ्या तर्खडकरांच्या 'भाषांतर पाठमाले'वर पोसल्या. वाक्यरचना आणि काळ यांत ती माणसे पक्की असत. पण खेड्यातल्या विद्यार्थ्याच्या कानावर इंग्रज माणसाचा आवाज जन्मात पडायचा नाही. छापील शब्द समोर, आणि तो जसाच्या तसा उत्तरपत्रिकेत उतरवायचा.

त्यातून स्पेलिंगच्या घोकंपट्टीची फोड जन्माला आली. 'वेड-नेस-डे' म्हणायचे म्हणजे बुधवारचे स्पेलिंग चुकत नाही. 'को-लो-नेल' म्हणायचे म्हणजे कर्नल बरोबर लिहिला जातो. युक्ती नामी आहे, मी स्वतः तिच्यावरच तरलो. पण या फोडीत शब्दाची फक्त अक्षरे हाती लागतात. त्याचा उच्चार आणि अर्थ बाहेरच राहतो. चार-पाच अक्षरांच्या शब्दाला ती पुरते, पंधरा-सोळा अक्षरांच्या शब्दापुढे ती टेकीला येते.

खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांनाही लांब शब्द फोडूनच शिकावा लागला. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने १७८३ साली मुलांसाठी स्पेलिंगचे पुस्तक काढले. त्यात शब्द उच्चाराप्रमाणे तोडून दाखवले होते, आणि पुढे शंभर वर्षे तिथली मुले त्यावर शिकली. ओळीच्या शेवटी शब्द तोडताना अमेरिकन छापखाने कानाचे ऐकत, तर इंग्लंडमधले छापखाने शब्दाच्या मुळाकडे बघत. 'नॉलेज' या शब्दात एक जण 'एल' अक्षरानंतर तोडी, तर दुसरा 'नो' म्हणजे 'जाणणे' हा शब्द शाबूत ठेवून त्यानंतर तोडी. म्हणजे नादाची फोड आणि अर्थाची फोड हे दोन पंथ त्यांच्याकडेही होते. माझ्या मते विद्यार्थ्याला दोन्ही हव्यात. आणि दोन्हींची हत्यारे मराठी शाळेतल्या मुलाच्या दप्तरात आधीच असतात.

आधी नादाची फोड घेऊ. एका झटक्यात तोंडातून बाहेर पडतो तो तुकडा म्हणजे सिलॅबल. आपण त्याला अक्षर म्हणतो, पण लिहिलेले अक्षर आणि बोललेला तुकडा नेहमी जुळत नाहीत. 'कर्जत' लिहिताना क, र्ज, त अशी तीन अक्षरे. बोलताना मात्र कर्-जत असे दोनच तुकडे. 'नेरळ'ही तसेच, ने-रळ. 'माकड' म्हणजे मा-कड. पण माथेरानला गेल्यावर आपण 'माकडांना खायला घालू नका' म्हणतो तेव्हा माक्-डां-ना असे होते. प्रत्यय लागला, आणि शब्दातले तुकडे नव्याने पडले! हे आपण रोज करतो आणि आपल्या लक्षातही येत नाही.

इंग्रजीत नेमके हेच होते, फक्त तिथे तुकड्यांबरोबर जोरही सरकतो. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या 'फो'वर. फोटो काढणारा म्हटले की जोर दुसऱ्या तुकड्यावर जातो आणि शब्द 'फ-टॉ-ग्र-फर' असा ऐकू येतो. त्याचे विशेषण केले की जोर 'ग्रॅ'वर: फो-ट-ग्रॅ-फिक. जोर गेला की मागे राहिलेला स्वर दुबळा होऊन जवळजवळ आपल्या 'अ'सारखा होतो. आपण सगळे तुकडे सारख्याच जोराने म्हणतो, म्हणून साहेबाला आपले इंग्रजी कळत नाही आणि आपल्याला साहेबाचे.

आता 'आघात' हा शब्द मराठी माध्यमाच्या मुलाला नवा आहे का? मुळीच नाही. वृत्ते शिकवताना आम्ही 'यमाताराजभानसलगा' पाठ करून घ्यायचो, लघु-गुरूच्या खुणा करून घ्यायचो. जोडाक्षराच्या आधीच्या ऱ्हस्व अक्षरावर आघात येत असेल तर ते गुरू, नाहीतर लघु, हा नियम त्यातलाच. म्हणून 'पुष्प'मधला पु गुरू आणि 'तुझ्या'मधला तु लघु. ज्याला हा फरक कानाने कळतो, त्याला इंग्रजी शब्दातला जोर ओळखता येतो. बाकावर टिचकी मारायची, जोराच्या ठिकाणी थाप द्यायची. दोन-तीन नियम सांगितले की मुले पुढचे स्वतः शोधतात. शेवटी 'शन' असेल तर जोर त्याच्या अगदी आधीच्या तुकड्यावर: एज्यु-के-शन, एक्झॅमि-ने-शन, ट्रान्स्पोर्-टे-शन. शेवटी 'इटी' असेल तर जोर त्याच्या आधी: इलेक्-ट्रि-सिटी, रिस्पॉन्सि-बि-लिटी, आणि आपली म्युनिसि-पॅ-लिटी. कधी कधी एकाच शब्दाचे नाम आणि क्रियापद नुसत्या जोराने वेगळे होते. 'रेकॉर्ड'मध्ये पहिल्या तुकड्यावर जोर दिला तर ती नोंद, दुसऱ्यावर दिला तर नोंदवणे.

दुसरी फोड अर्थाची. तिच्यासाठी पुन्हा बोरघाटात जाऊ. जुन्या मार्गावर घाटात एक रिव्हर्सिंग स्टेशन होते. गाडी तिथे येऊन थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचे आणि गाडी उलट्या तोंडाने पुढे जायची. १९२९ साली नवा मार्ग झाल्यावर ते बंद पडले. 'रिव्हर्सिंग' शब्द फोडला की 're' या अर्थाचा 'रि' म्हणजे मागे, 'व्हर्स' म्हणजे वळणे आणि 'इंग' हा प्रत्यय. त्यातला लॅटिन 'व्हर्ट' हा धातू आणि संस्कृतातला 'वृत्' हा धातू सख्खे चुलत भाऊ आहेत. परिवर्तन, निवृत्ती, आवृत्ती हे सगळे त्याच 'वृत्'चे. रिव्हर्स, कन्व्हर्ट, डायव्हर्ट हे तिकडचे.

घाट चढायला कर्जतला गाडीच्या मागे इंजिने जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. पैशाच्या बँकेशी त्याचा संबंध नाही, तिथे 'बँक' म्हणजे चढ. लांब शब्दाची रचना मला नेहमी त्या गाडीसारखी वाटते. पुढे उपसर्ग, मध्ये धातू, मागे प्रत्यय. संस्कृतात 'हृ' म्हणजे नेणे. त्याला पुढे उपसर्ग लावत गेले की आहार, विहार, संहार, प्रहार, उपहार. इंग्रजीत 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणे. त्याला उपसर्ग लावत गेले की इंपोर्ट, एक्स्पोर्ट, रिपोर्ट, सपोर्ट, ट्रान्स्पोर्ट. खोपोलीच्या रस्त्यावर प्रत्येक ट्रकवर तो शेवटचा शब्द लिहिलेला असतो. 'ट्रान्स' म्हणजे पलीकडे, 'पोर्ट' म्हणजे नेणे. शेवटी 'एशन' जोडले की वाहतूक तयार.

संधीचेही तेच. नकारार्थी 'इन' हा उपसर्ग 'लीगल'पुढे आला की 'इलीगल' होतो, 'रेग्युलर'पुढे 'इरेग्युलर', 'पॉसिबल'पुढे 'इंपॉसिबल'. म्हणून तिथे एल आणि आर दोनदा लिहायचे, हे आमची पोरे घोकत बसत. पण उत् अधिक लेख म्हणजे उल्लेख, हे त्यांना येतच होते. तिथेही पुढच्या ल मुळे मागचा त् बदलून ल् झाला. नियम एकच, भाषा दोन. आपला नकारार्थी 'अ' स्वरापुढे 'अन्' होतो: अशांत, पण अनंत. ग्रीकमधून आलेल्या इंग्रजी शब्दांतही तसेच आहे. ॲटम म्हणजे न कापता येणारा. पण ॲनॉनिमस म्हणजे निनावी, तिथे स्वरापुढे 'अन्' आला.

हे साम्य काही योगायोगाने आलेले नाही. १७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्सने सांगितले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून निघालेल्या असाव्यात. चार्ल्स विल्किन्सचे संस्कृत व्याकरण १८०८ साली आले. जर्मनीच्या फ्रांझ बॉपने १८१६ साली या भाषांची क्रियापदे शेजारी शेजारी ठेवून तपासली. धातू वेगळा, प्रत्यय वेगळा, अशी शब्दाची चिरफाड पाणिनीच्या परंपरेने कधीच करून ठेवली होती. युरोपातल्या पंडितांना ती पद्धत सापडली आणि त्यांच्या भाषाशास्त्राला मोठी गती मिळाली. आपल्याकडे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ साली मुंबईत याच विषयावर विल्सन व्याख्याने दिली. मात्र यावरून इंग्रजी संस्कृतातून निघाली असे कोणी समजू नये. त्या दोघी एका फार जुन्या आजीच्या नाती आहेत.

आणि नुसत्या नादावरही जाऊ नये. नगरपालिकेत 'पाल' आहे आणि म्युनिसिपॅलिटीतही 'पाल' ऐकू येतो, म्हणून ते एक नव्हेत. इंग्रजी शब्दात लॅटिनमधले 'कर्तव्य' आणि 'घेणे' या अर्थाचे दोन शब्द आहेत, पालन त्यात कुठेच नाही. उलट 'मेयर' आणि 'महापौर' यांत नादाचे साम्य दिसत नाही, पण मेयर हा लॅटिन 'मेजर' म्हणजे 'अधिक मोठा' यापासून आला, आणि तो आपल्या 'महा'च्या कुळातला. सावरकरांनी महापौर हा शब्द दिला तेव्हा तो किती नेमका बसला ते बघा.

आपल्या मागच्या पिढ्यांनी मराठी परिभाषा घडवताना हीच अर्थाची फोड वापरली. टेलि म्हणजे दूर, फोन म्हणजे ध्वनी, झाला दूरध्वनी. फोटो म्हणजे प्रकाश, म्हणून फोटोसिंथेसिसचे प्रकाशसंश्लेषण. खोपोलीला टाटांचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी नळांतून खाली सोडायचे आणि त्यावर वीज करून मुंबईच्या गिरण्यांना द्यायची. त्या कंपनीच्या नावात 'हायड्रो-इलेक्ट्रिक' असा भलामोठा शब्द. हायड्रो म्हणजे पाणी. जलविद्युत म्हटले की पाचवीतल्या पोरालाही कळते. माथेरानचा पॅनोरमा पॉइंट तर घोड्यावाल्यांच्याही तोंडी आहे. पॅन म्हणजे सर्व, ओरमा म्हणजे दृश्य. तिथे उभे राहिल्यावर अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

या सगळ्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. एक आठवण सांगतो. खालापूर तालुक्यातल्या एका ठाकूरवाडीतली मुलगी दहावीला फक्त इंग्रजीत राहिली. घरात शाळेची पायरी चढलेली ती पहिलीच. मराठीसुद्धा तिला शाळेत आल्यावर शिकावी लागली होती, कारण वाडीची बोली वेगळी. ऑक्टोबरच्या परीक्षेआधी ती रोज संध्याकाळी आमच्या ओटीवर यायची. पाठांतराला ती कंटाळली होती. मी तिला संधी आणि उपसर्ग यांच्या वाटेने नेले. आठवड्याभराने 'इरिस्पॉन्सिबिलिटी' समोर आला तेव्हा ती म्हणाली, "सर, यातला मधला तेवढा सांगा, पुढचा-मागचा मला येतोय." ती पास झाली, पुढे नर्सिंगला गेली.

पुष्कळ वर्षांनी भेटली तेव्हा मी तिला माझ्या मधुमेहाचे सांगत होतो. तिने मला एकच गोष्ट बजावली. "सर, हायपो आणि हायपर यांत कधी गल्लत करू नका. हायपो म्हणजे आपला उप, खाली. हायपर म्हणजे उपरि, वर. मध्ये ग्लाय म्हणजे गोड आणि शेवटी रक्त. हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर खाली गेली, लगेच साखर खायची. हायपर म्हणजे वर गेली, तेव्हा साखर दिली तर उलटेच व्हायचे." घाईत बोलताना हे दोन शब्द सारखेच ऐकू येतात. फरक एका तुकड्याचा, आणि त्या तुकड्यावर रोग्याचा जीव. उप आणि उपरि हे खरोखरच त्या ग्रीक शब्दांचे भाऊबंद आहेत. ते मी तिला कधी शिकवले नव्हते, तिने तिचे जोडून घेतले होते.

२००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे. आता तर आपल्याही वाड्या-वस्त्यांतून पिवळ्या बसगाड्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांकडे जातात. मला त्याचा राग नाही. आईबापांना दरवाजा लवकर उघडलेला हवा असतो. पण नातवंडांना उत् अधिक लेख म्हणजे काय ते कळत नाही, लघु-गुरू कधी कानावर पडत नाहीत. मग इंग्रजीतला लांब शब्द आला की तीही अखेर घोकंपट्टीवरच येतात, आणि ज्या कुलुपाची किल्ली घरात होती ते त्यांच्यासाठी बंदच राहते. म्हणून आमच्या घरातल्या सूनबाई-लेकींना माझे एवढेच सांगणे आहे, की पोरांना कुठल्याही माध्यमात घाला, पण सुट्टीत त्यांच्याकडून दहा-वीस संधी सोडवून घ्या आणि 'यमाताराजभानसलगा' एकदा बाकावर थापा मारून म्हणून दाखवा.

आणि तुमच्या गावाकडे 'मुन्शिपाल्टी', 'फलाट' यांसारखे घासून गुळगुळीत झालेले आणखी शब्द असतील तर जरूर कळवा. मी वहीत उतरवून ठेवतो आहे.